बारा बिऱ्हाडं, एक जिना

तिच्या खोक्यावर कुणीतरी बसलं होतं.

खोकं म्हणजे काही सिंहासन नव्हे. सर्व्हर ज्यातून आला ते लाकडी खोकं, उलटं घातलेलं, वर एक जुनी उशी. पण डोळ्यांच्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या थंडगार सर्व्हर रूममध्ये बसायला तेवढी एकच जागा होती, आणि गेली तीन वर्षं ती दुपारचा डबा तिथेच खात आली होती. हॉस्पिटलमध्ये तिला सगळे ‘प्रोग्रामवाली’ म्हणत. पेशंटची नोंद, चष्म्याचे नंबर, डोळ्याच्या पडद्याचे फोटो, ऑपरेशनच्या तारखा... हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो तिने एकटीने लिहिला होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

खोक्यावरच्या माणसाची पाठ तिच्याकडे होती. कानामागे पेन्सिल, मांडीवर वही, नजर स्क्रीनवर. तो स्वतःशीच पुटपुटला, “बापरे... हा बकासुर पाळलाय तरी कुणी?”

“मी,” ती म्हणाली.

तो असा दचकून उठला की पेन्सिल घरंगळत तिच्या पायाशी आली. ती वाकली नाही. ही वाकणाऱ्यातली नाही अशी तिची ख्यातीच होती. त्यानेच वाकून उचलली, आणि वर बघताना हसला. हसू चांगलं होतं, हे तिने नाइलाजाने मान्य केलं.

“मी तपासनीस,” तो म्हणाला. “म्हणजे, मशीनच्या कंपनीकडून आलोय. सर्व्हर मंद का चालतो ते आठवडाभर बघायचं आणि शनिवारी थोरल्या मॅडमना अहवाल द्यायचा. आणि तुमचा हा... प्रोग्राम...”

“बकासुर.”

“तोंडातून गेलं हो.”

“गेलं ते गेलं. आता सिद्ध करा.”

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिचा प्रोग्राम चालायचा तो एकाच वेळी बारा ठिकाणी. बारा कामगार म्हणा ना, म्हणजे एका खिडकीवर पेशंट आला म्हणून दुसरी खिडकी अडायला नको. प्रत्येक कामगारापुढे त्याने किती मेमरी धरली आहे तो आकडा होता. एक पूर्णांक आठ जीबी, एक पूर्णांक आठ, एक पूर्णांक आठ... तपासनिसाच्या कंपनीचा एक ठरलेला तक्ता होता. त्यात आकडे ओतले की खाली बेरीज आपोआप यायची.

“एकवीस पूर्णांक सहा जीबी!” तो म्हणाला. पोराने पहिला नंबर काढल्यावर बाप बोलतो तसा त्याचा सूर होता.

ती तक्त्याकडे बघत राहिली. मग तिने मशीनच्या अंगावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. “यात मेमरी किती आहे?”

“सोळा.”

“सोळाच्या मशीनमध्ये एकवीस? वरची कुठून आणली, शेजाऱ्यांकडून उसनी?”

“उरलेली... डिस्कवर ढकलली असेल.”

“असेल?”

“असेल.”

“अहवालातही ‘असेल’ असंच लिहिता का तुम्ही?”

त्याचे कान लाल झाले. गोऱ्यागोमट्या माणसाचे कान लाल झाले तर लोक त्याला लाजाळू म्हणतात. हा सावळा होता, तरी कळत होते. तिला उगाचच बरं वाटलं.

“आणि हे खोकं माझं आहे,” ती म्हणाली. “मला जेवायचंय.”

तो निमूटपणे बाजूला झाला. दाराशी जाऊन थबकला, वही छातीशी धरून. “उद्यापासून मी उभाच राहीन,” म्हणाला आणि गेला. जेवताना तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय. तिने ते थांबवलं.

पण हसण्यासारखं काही नव्हतंच. संध्याकाळी मोठ्या सिस्टरनी तिला नोंदणीच्या खिडकीपाशी गाठलं. या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलचा कणा. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून शिंकत. त्यांच्या वर फक्त हॉस्पिटलच्या प्रमुख, थोरल्या मॅडम.

“ऐकलंस का गं? थोरल्या मॅडम म्हणाल्या, दोष प्रोग्रामचा निघाला तर शनिवारीच तो बंद. बाहेरून तयार घ्यायचा.”

“बंद?”

“मी भांडले. पण खोटं कसं बोलू? तासाच्या ठोक्याला त्या मशीनला डुलकी लागते. पेशंटचा फोटो उघडायला गेलं की चक्र फिरतंय आपलं गरागरा. पाच मिनिटं... दहा मिनिटं... इथे डोळ्यांत औषध घातलेली म्हातारी माणसं रांगेत तिष्ठत असतात गं.”

तीन वर्षं! सुट्ट्या नाहीत, लग्नसमारंभ नाहीत, मामेबहिणीचं बारसंसुद्धा नाही. आणि आता एका पेन्सिलवाल्याच्या बेरजेने सगळं पुसलं जाणार? रडू आलं असतं, पण तिने ते संतापात मुरवलं. ते तिला चांगलं जमायचं.

मंगळवारी तो खरोखर उभा राहिला. बुधवारीही. ती खोक्यावर, तो भिंतीला टेकून, मधे सर्व्हरच्या पंख्यांची एकसुरी घरघर. ती जेवत असे, तो तिचा प्रोग्राम वाचत असे.

“इतकं काय वाचताय?”

“गुन्हेगाराची कुंडली.”

“मग? मंगळ आहे का?”

“कडक,” तो म्हणाला. पण स्क्रीनवरून नजर काढली नाही. जरा वेळाने, तशाच स्वरात, “रविवारी मोकळ्या असता का हो तुम्ही?”

“नाही,” तिने सांगितलं.

“बरं.” त्याने मान डोलावली, जणू एक आकडा मिळाला आणि वहीत गेला. तिला राग आला. त्याने विचारलं याचा की पुन्हा विचारलं नाही याचा, ते तिने तपासलं नाही.

तिच्या घरी ती आणि बाबा, दोघंच. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं त्याच दुकानात, त्याच स्टुलावर, एका डोळ्याला भिंग लावून. त्यांची एक रीत होती. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने तारीख आणि आपली बारीकशी खूण कोरायची. कुणाला दिसणार नाही अशा जागी. लहानपणी तिने विचारलं होतं, दिसत नाही तर कोरता कशाला? बाबा म्हणाले होते, “एखाद्या दिवशी कुणीतरी झाकण उघडेल ना. त्याच्यासाठी.”

तीच रीत तिने उचलली होती. प्रोग्रामच्या आत, ज्या ओळी मशीन वाचत नाही, फक्त माणसानेच वाचायच्या असतात, तिथे ती प्रत्येक कामाखाली तारीख घालायची आणि लिहायची, ‘घड्याळजीची लेक’. तीन वर्षांत एकाही माणसाने ते झाकण उघडलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती वाचायला बसली. मशीनमधला जो गाभा सगळ्यांना मेमरी वाटतो, ज्याला कर्नेल म्हणतात, तो आपली मोजदाद नेमकी कशी सांगतो, हे तिने आजवर कधी खोलात पाहिलं नव्हतं. प्रोग्राम लिहिणं हे आपलं काम, मशीन सांभाळणं दुसऱ्याचं, अशी तिची जुनी घमेंड. ती तिने त्या संध्याकाळी खुंटीला टांगली.

गुरुवारी ती सर्व्हर रूममध्ये शिरली ती डब्याशिवाय.

“तुम्ही राहता त्या इमारतीत किती बिऱ्हाडं?” तिने विचारलं.

“सुप्रभात नाही, काही नाही... बारा. का?”

“जिने किती?”

“एक.”

“आता प्रत्येक बिऱ्हाडाला विचारा, तुमच्याकडे जिना आहे का? सगळे म्हणतील, आहे. मग तुम्ही तुमच्या त्या तक्त्यात बेरीज कराल आणि अहवाल द्याल, की या इमारतीत बारा जिने आहेत.”

तिने त्याच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घेतला. बोटांना बोटं लागली... दोघांनीही ती लागलीच नाहीत असं दाखवलं.

“हे बघा. माझे बाराही कामगार पेशंटची यादी आणि लेन्सचे तक्ते एकाच जागेतून वाचतात. ती जागा एक पूर्णांक सहा जीबीची, सगळ्यांत मिळून एकच. पण तुम्ही घेतलेल्या आकड्यात ती प्रत्येकाच्या नावावर पुरी धरलीय. कर्नेल दुसराही एक आकडा देतो, फक्त तो मागावा लागतो. त्यात सामाईक जागेचे वाटे घातलेले असतात. बाराजण वापरत असतील तर प्रत्येकाच्या नावावर बारावा हिस्सा. तो आकडा बारांचा मिळून किती येतो, करा बेरीज.”

त्याने कानामागची पेन्सिल काढली. तक्त्यात नाही, वहीत, हाताने बेरीज केली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

“चार,” तो हळूच म्हणाला.

“आणि डिस्कवर ढकललेली?”

“शून्य. ती... सोमवारीच बघायला हवी होती मी.” कान पुन्हा लाल. पण नजर खाली गेली नाही. “चार जीबीत अख्खं हॉस्पिटल चालवता तुम्ही? बकासुर कसला, हा तर उपासाला बसलाय!”

कौतुक तिने पुष्कळ ऐकलं होतं. पण कामातलं ज्याला कळतं अशा माणसाच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिची मान आपोआप वर झाली, आणि डोळ्यांत पाणी का आलं ते तिलाही कळेना.

“आता मी एक सांगू?” तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता, काचेची वस्तू उचलताना हात बदलतो तसा. “ती ‘मोकळी’ म्हणून ओळ असते ना, मोकळी मेमरी? ती कमी दिसली म्हणून घाबरायचं नसतं. कर्नेल रिकामी जागा रिकामी ठेवत नाही. नुकतेच वाचलेले फोटो, फाइली तिथे हाताशी ठेवतो, पुन्हा लागल्या तर पटकन देता याव्यात म्हणून. कुणी जागा मागितली की मुकाट बाजूला सारून देतो. नोंदणीच्या टेबलावर आजची कागदपत्रं पसरलेली असतात, तसं. आता सिस्टर दर तासाला टेबल साफ करून सगळं कपाटात कोंबायला लागल्या, तर टेबल छान दिसेल...”

“पण काम बोंबलेल,” ती हसत म्हणाली.

“हं.” तो तिच्याकडे बघत राहिला, अजून काहीतरी यायचंय अशा नजरेने. “म्हणून ‘मोकळी’ बघायची नाही. त्याखाली दुसरी ओळ असते, मागितली तर किती मिळेल याची. ती बघायची.”

ती जिंकण्याच्या नादात होती. तिच्या डोक्यात काही पेटलं नाही.

ते पेटलं शुक्रवारी, दिवेलागणीला. बाबा दुकानातून आले होते, ती त्यांना जिन्याची गोष्ट रंगवून सांगत होती. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते मशीन मंद का पडतं?”

“ते... नाही कळलं. तासाच्या ठोक्याला पडतं. मग सावरतं.”

“ठोक्याला?” बाबा हसले. “अगं, झिजलेलं घड्याळ वाटेल तेव्हा थांबतं. ठोक्यावर बिघडतं ते आपोआप बिघडत नाही. कुणीतरी तशी चावी दिलेली असते.”

तिच्या हातातला पेला तसाच राहिला.

चावी तिनेच दिली होती. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मॅडमच्या खोलीत भिंतीवर एक आलेख लावला होता, मोकळी मेमरी कमी झाली की लाल होणारा. मॅडम दर दोन तासांनी फोन करायच्या, “लाल झालंय!” वैतागून तिने एक ओळ लिहिली. दर तासाच्या ठोक्याला कर्नेलने हाताशी ठेवलेलं सगळं झटकून टाकायचं. आलेख हिरवागार झाला, मॅडम खूश झाल्या. त्या हिरव्या रंगाचा तिला केवढा अभिमान वाटला होता! दर तासाला कर्नेल बिचारा मांडामांड करायचा, आणि दर तासाला ती सगळं कपाटात कोंबायची. तेव्हा फोटो थोडे होते, कुणाला जाणवलं नाही. आता लाखांनी झाले होते.

म्हणजे प्रोग्राम निर्दोष होता, दोषी ती होती. आणि उद्या गप्प राहिली तर तिचा प्रोग्राम वाचणार होता, कुणाला काही कळणारही नव्हतं. त्या विचाराची तिला भारी लाज वाटली. तरी तो तासभर गेला नाही, हेही खरं.

शनिवारी सकाळी थोरल्या मॅडमच्या खोलीत चौघं होते. मॅडम, मोठ्या सिस्टर, ती आणि तो. भिंतीवर आलेख हिरवा.

तपासनीस उठून उभा राहिला. “मॅडम, सोमवारी मी तुम्हाला फोनवर म्हणालो होतो की दोष प्रोग्रामचा आहे. मी चुकलो, माझी बेरीज चुकली. सामाईक जागा मी बारा वेळा मोजली. प्रोग्राम चार जीबीत चालतो, आणि इतका नेटका प्रोग्राम मी आजवर पाहिला नाही. आमच्या कंपनीचा तक्ताही चुकीचा आहे. ते मी त्यांना लेखी कळवलंय.”

‘चुकलो’ हा शब्द माणसं मान खाली घालून बोलतात, किंवा बोलतच नाहीत. त्याने तो ताठ उभं राहून उच्चारला. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली. हा आपला कोण, असा प्रश्न मनात आला, आणि उत्तरही लगोलग आलं.

“मग मशीन मंद का?” मॅडमनी विचारलं.

तो वहीकडे बघत राहिला. एक क्षण... दोन क्षण...

“माझ्यामुळे,” ती उठली. त्याच्याइतकीच ताठ. “हा आलेख हिरवा दिसावा म्हणून मी तीन वर्षांपूर्वी एक ओळ घातली. चूक माझी. ती काढली की मशीन मंद पडणार नाही. आलेख मात्र लाल होईल. आणि मॅडम, तो लालच राहू द्या, कारण तो चुकीची ओळ बघतोय.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “आता काढ. बारा वाजता बघू.”

बाराच्या ठोक्याला नोंदणीच्या खिडकीपाशी ही गर्दी! सिस्टरनी एका आजोबांचा फोटो उघडला. पापणी लवते न लवते तोच डोळ्याचा पडदा स्क्रीनवर. दुसरा उघडला. तिसरा. रांग सरकत राहिली.

“घ्या!” सिस्टर गरजल्या. “पहिल्यांदाच बारा वाजले आणि कुणाचे बारा वाजले नाहीत!”

मॅडम जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या फक्त. तयार प्रोग्रामचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

ती सर्व्हर रूममध्ये आली तेव्हा तो बॅग भरत होता. खोकं रिकामं होतं. आठवडा संपला होता.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“बुधवारी सापडली ती ओळ. खाली तारीख होती. आणि ‘घड्याळजीची लेक’.”

“मग बोलला का नाहीत? मला वाचवायला कुणी सांगितलं होतं?”

“वाचवत नव्हतो हो. अहवालाचं दुसरं पानही तयार होतं, बॅगेत.” त्याने तिच्याकडे पाहिलं. “पण खूण तुमची होती. आधी सांगायचा मान तुमचा.”

पंखे घरघरत राहिले.

“आणि... मी नुसती तीच ओळ नाही वाचली,” तो म्हणाला. आता मात्र शब्द अडखळत येत होते. “सगळ्या वाचल्या. सत्तावीस हजार. ‘इथे हात लावू नये, सिस्टर रागावतील.’ ‘आज बाबांना ताप, तरी हे पुरं केलं.’ ‘हे कुणी वाचत असेल तर त्याला नमस्कार.’ तो... तो राहिला होता माझा घ्यायचा. नमस्कार.”

तिने मान लववून तो घेतला. हे असं तिचं आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं.

“आवडता तुम्ही मला,” तो म्हणाला. “या वाक्यात ‘असेल’ नाही.”

ती कीबोर्डकडे वळली. ती जुनी ओळ तिने पुसली नव्हती, नुसती निकामी करून ठेवली होती, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. त्याखाली तिने आजची तारीख घातली आणि लिहिलं, ‘टेबल झटकू नये. सफाई चुकली, घड्याळजीची लेक.’ मग कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने खाली लिहिलं, ‘बेरीज चुकली, तपासनीस.’

“चूक अर्धी अर्धी,” ती म्हणाली. “आता विचार.”

“काय?”

“बुधवारी विचारलंस ते.”

‘विचारलंत’ नव्हे, ‘विचारलंस’. ते त्याला कळायला एक क्षण लागला, आणि मग कान जे लाल झाले ते झालेच.

“रविवारी... मोकळी आहेस?”

“मुळीच नाही. घर आवरायचंय, मावशीकडे जायचंय, बाबांच्या दुकानाचा पंखा बिघडलाय.” ती खोक्यावर बसली, एका कडेला सरकून. “पण चुकीची ओळ बघतोयस तू.”

तो बसला. खोकं करकरलं, पण पुरलं.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा बाबा एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते.

“बाबा,” ती म्हणाली, “झाकण उघडलं कुणीतरी.”

बाबांचा चिमटा थांबला. भिंग डोळ्याला तसंच. “तुझी चूक सापडली त्याला?”

“सगळ्यात आधी तीच.”

“मग झाकण लावून निघून गेला?”

“नाही. खाली आपली खूण करून बसलाय.”

बाबांनी भिंग काढलं. तो डोळा जरा ओला होता, पण भिंगाने तसा होतोच म्हणा. त्यांनी मागच्या फळीवरचं जुनं लाकडी स्टूल खाली उतरवलं, फडक्याने पुसलं आणि आपल्या स्टुलाशेजारी मांडलं.

“उद्या घेऊन ये,” ते म्हणाले.